अमेरिकेंतील चावरें कांसव : त्याची धरपकड, त्याचें मांस आणि त्याचा हिशेब

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या संघाच्या एका सभासदांच्या शेततळ्यांत एक मोठें कांसव आलें. गड्यांपैकीं दोघांनीं तें धरून कालवणास न्यावें असा बेत केला. सभासदांचे कॉलेजांत शिकणारे चिरंजीव तेथेंच उभे होते. त्यांनीं या बेतास पुस्ती जोडली कीं, अमेरिकेंत शेतकरी लोक तळ्यांतलीं कांसवें धरून खुशाल खातात, मग आपणच कां भ्यावें? वाद माझ्यापर्यंत आला. कारण ज्यानें तहशील कचेरींत उभा जन्म कारकुनी केली त्यास सर्व कायदे मुखोद्गत असतात, अशी आमच्या गांवची समजूत आहे. कायद्याचें उत्तर दोन ओळींचें होतें व तें मीं तत्काळ दिलें. कांसव तळ्यांतच राहिलें. परंतु अमेरिकेचा दाखला कितपत खरा आहे हें पाहूं गेलों, तों विषय विचार करण्याजोगा निघाला, म्हणून वाचकांपुढें मांडीत आहें.

दाखला खरा आहे. ज्या कांसवाविषयीं चिरंजीव बोलत होते, त्यास इंग्रजींत स्नॅपिंग टर्टल म्हणतात. आपण त्यास चावरें कांसव म्हणूं. कॅनडाच्या दक्षिण भागापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत, रॉकी पर्वताच्या पूर्वेस, जेथें गाळ असलेलें संथ पाणी आहे तेथें बहुधा तें आढळतें. वजन सामान्यतः 10 ते 35 पौंड. आपल्या देवळांतील दगडी कांसवाच्या सौम्य मूर्तीवरून त्याची कल्पना करूं नये. त्याचें पोटाखालचें कवच फुलीच्या आकाराचें व इतकें लहान असतें कीं, डोकें आणि पाय पूर्णपणें आंत ओढून घेणें त्यास शक्य नाहीं. अर्थात् जमिनीवर गांठलें असतां चावणें हाच त्याचा एक उपाय. मान लांब, ती विजेसारखी बाहेर येते आणि मागेंहि बरीच पोंचते; तोंडांत दांत नाहींत, पण जबड्याची कड चोंचीसारखी धारदार आहे. शेंपटी लांब असून तिच्यावर करवतीसारखे दाते असतात. हेंच जनावर पाण्यांत मात्र भित्रें असतें व मनुष्याची चाहूल लागतांच गाळांत दडतें. तेथील शेतकरी त्यास मासे व बदकांचीं पिलें चोरणारें म्हणून दोष देतात. त्यांत थोडें तथ्य आहे. परंतु शास्त्रज्ञांनीं पोटें फाडून पाहिलीं तेव्हां त्यांत पाणवनस्पतींचा भाग मोठा निघाला, शिवाय मेलेले मासे व झिंग्याच्या जातीचे प्राणी निघाले.

त्या देशचे मूळ रहिवासी इरोक्वाय लोक पृथ्वी कांसवाच्या पाठीवर आधारलेली आहे असें मानतात आणि याच कांसवाच्या कवचाचे खुळखुळे करून धर्मकृत्यांत वाजवितात. सात समुद्रांपलीकडील लोकांची ही कल्पना वाचून कूर्मावताराची आठवण कोणास होणार नाहीं?

आतां धरण्याच्या रीती. मुख्य रीत जाळ्याची. वाटोळ्या कड्यांवर पिंपासारखें जाळें ताणतात, त्याच्या तोंडाशीं नरसाळ्यासारखी वाट ठेवतात आणि आंत माशांचीं डोकीं बांधतात. कांसव आंत शिरतें, पण त्यास परतीची वाट सांपडत नाहीं. जाळ्याचा वरचा भाग पाण्याबाहेर ठेवावा लागतो. कांसव हवेवर जगणारें असल्यामुळें तसें न केल्यास तें बुडून मरतें. दुसरी रीत गळाची. जाड दोरीस गळ व आमिष लावून ती रात्रभर फांदीस किंवा तरंगत्या डब्यास बांधून ठेवतात. ही रीत मला निंद्य वाटते; कारण दोरी तुटली म्हणजे गिळलेला गळ पोटांत घेऊन कांसव निघून जातें. तिसरी रीत थंडीच्या दिवसांची. त्या वेळीं कांसवें गाळांत निपचित पडून असतात. मनुष्य लोखंडी सळई गाळांत खुपसत चालतो, आणि कवचावर ती आपटल्याचा टणक आवाज आला म्हणजे हात घालून कांसव वर काढतो. कित्येक लोक त्यास शेंपटीनें लोंबतें धरतात, परंतु त्यामुळें मणके दुखावतात. मागच्या पायांपाशीं कवचाखालीं हात देऊन उचलणें हीच बरोबर रीत.

धरलेलें कांसव कांहीं दिवस स्वच्छ पाण्यांत ठेवून मग मारतात. येथें एक चमत्कार सांगण्यासारखा आहे. डोकें तोडल्यावरहि जबडा कित्येक तास मिटूं शकतो व काढून ठेवलेलें हृदय स्फुरत राहतें. म्हणून जाणते लोक तोडलेलें डोकें मुलांच्या हातीं लागूं देत नाहींत. नंतर पोटाचें कवच बाजूच्या सांध्यांवर कापून काढतात आणि कातडी गरम पाण्यांत घालून सोलतात. या एका जनावरांत सात प्रकारचें मांस असतें अशी तेथें म्हणण्याची चाल आहे. त्यांतलें खरें इतकेंच कीं, मानेचें मांस फिकें व पायांचें काळसर असतें. तें चिवट असल्यामुळें आधीं मंद आंचेवर पुष्कळ वेळ शिजवितात, मग रस्सा करतात किंवा पिठांत घोळून तळतात. फिलाडेल्फिया शहरांतील या मांसाचें सूप प्रसिद्ध आहे. त्यांत शेरी नांवाचें मद्य घालतात. पूर्वीं श्रीमंतांच्या पंक्तींत वेस्ट इंडीज बेटांकडील हिरव्या समुद्रकांसवाचें सूप असे. तें महाग व दुर्मिळ झाल्यावर तळ्यांतल्या या गरीब भाऊबंदाची त्याच्या जागीं नेमणूक झाली.

मांस खाणारास तेथील आरोग्यखात्यांची एक सूचना पाळावी लागते, ती चरबीविषयीं. कारखान्यांतून व विजेच्या यंत्रांतून पाण्यांत उतरलेलीं पीसीबी नांवाचीं विषारी द्रव्यें या प्राण्याच्या चरबींत, यकृतांत व अंड्यांत सांठतात. ज्याचें आयुष्य मोठें त्याच्या अंगीं विषाची शिल्लकहि मोठी. म्हणून सगळी चरबी काढून टाकावी असें सांगतात. आणि न्यूयॉर्क राज्यांत तर मूल होण्याच्या वयांतील स्त्रियांनीं व लहान मुलांनीं हें मांस खाऊंच नये असा सल्ला देतात.

एवढ्यावर चिरंजीवांचें म्हणणें सिद्ध झालें असें कोणी म्हणेल. परंतु माझा जन्म जमाखर्चांत गेलेला असल्यामुळें, या खात्यांत दरसाल जमा काय होतें हें पाहिल्यावांचून मला राहवेना. मादी वर्षाकांठीं एकदां, साधारण जून महिन्यांत, 20 ते 40 अंडीं उकरलेल्या जमिनींत घालते व निघून जाते. आंकडा मोठा दिसतो. पण रॅकून, कोल्हे व स्कंक हीं जनावरें बहुतेक घरटीं पहिल्या कांहीं रात्रींतच उकरून खातात. जीं पिलें निघतात त्यांना बगळे, मासे व थंडी उरूं देत नाहींत. कॅनडांतील अल्गोंक्विन अरण्यांत 1972 पासून या कांसवांची मोजदाद चालू आहे. तेथें मादी अंडीं घालण्याजोगी होण्यास 15 ते 20 वर्षें लागतात, आणि हजार अंड्यांमागें एकहि प्रौढ कांसव हातीं लागत नाहीं. मग ही जात टिकली कशी? तर एकदां मोठें झालेलें कांसव सहसा मरत नाहीं व अनेक दशकें अंडीं घालीत राहतें. म्हणजे अंडीं हें या खात्याचें मुद्दल नव्हे. म्हातारी मादी हेंच मुद्दल होय. आणि गळ टाकणारा मनुष्य नेमका मोठ्या कांसवावरच डोळा ठेवतो.

बकऱ्यांच्या कळपांतून चार विकल्या तर दोन वर्षांत भरपाई होते. येथें तसें होत नाहीं. मिशिगन विद्यापीठाच्या राखीव जागेंत केलेल्या दीर्घ अभ्यासाचा हिशेब 1994 मध्यें प्रसिद्ध झाला. 15 वर्षांवरील कांसवांच्या मृत्यूंत दरसाल शेंकडा 10 ची भर पडली, तर 20 वर्षांच्या आंत प्रौढ कांसवें निम्मीं होतात असें त्यांत दाखविलें आहे. अल्गोंक्विनमध्यें तर निसर्गानेंच प्रयोग करून दाखविला. 1986 ते 1989 या काळांत पाणमांजरांनीं हिवाळ्यांत निजलेलीं पुष्कळ मोठीं कांसवें मारलीं. उरलेल्या कांसवांस अन्न व जागा मुबलक झाली, तेव्हां त्यांची संख्या भराभर वाढावयास हवी होती. परंतु 2018 मध्यें प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें, वीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तूट भरून आल्याचें चिन्ह दिसलें नाहीं.

हें ध्यानांत आल्यावर तेथील सरकारेंहि हात आंखडूं लागलीं. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतानें 2017 मध्यें या कांसवाची शिकार बंद केली. मिनेसोटा राज्यानें 2023 च्या कायद्यानें विक्रीसाठीं कांसवें धरण्यास बंदी केली. चीनकडे होणाऱ्या निर्यातीचा बोभाटा झाल्यावर, 2022 मध्यें पनामा येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें या प्राण्याचा व्यापार परवान्याच्या बंधनांत आणण्याचें ठरविलें. कित्येक राज्यांत घरच्या खाण्यापुरतें कांसव धरण्यास मोकळीक आहे, पण तीहि परवाना, हंगाम व लांबीची मर्यादा यांसह. तेव्हां 'कोणी विचारीत नाहीं' हें चिरंजीवांचें वाक्य दुरुस्त करून घ्यावें लागेल.

आपल्याकडे चावरें कांसव नाहीं. परंतु भीमा, कृष्णा व गोदावरी या नद्यांत मऊ पाठीचीं कांसवें आहेत, आणि हिशेब तोच आहे. त्यांपैकीं लीथचें कांसव म्हणून ओळखली जाणारी जात 1872 मध्यें पुण्याच्या नमुन्यावरून शास्त्रास प्रथम माहीत झाली. आज ती अत्यंत संकटांत सांपडलेल्या प्राण्यांत गणली जाते. तळ्यांत व भाताच्या खाचरांत येणारें लहान मऊ कांसव अजून पुष्कळ ठिकाणीं दिसतें. हीं दोन्हीं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. शिक्षा तीन ते सात वर्षें कैद व, 2022 च्या दुरुस्तीनंतर, कमींत कमी 25,000 रुपये दंड. सभासदांस विशेषेंकरून सांगावयाचें तें असें कीं, कायद्यांत शिकार म्हणजे केवळ मारणें नव्हे. जिवंत धरणें, त्याकरितां सांपळा लावणें, अंडीं फोडणें हेंहि शिकारच होय. पाणी स्वच्छ राहावें म्हणून नदींतलें कांसव आणून विहिरींत सोडण्याची जुनी चाल आहे. तिच्यामागील हेतु चांगला असला, तरी तीहि या कलमांत सांपडते.

शेततळ्यांतील गाळ उन्हाळ्यांत काढतांना यंत्राच्या फाळाखालीं निजलेलें कांसव येण्याचा संभव असतो. तें जिवंत निघाल्यास ओल्या गोणपाटाखालीं सावलींत ठेवावें व वनरक्षकास कळवावें. त्याच्या सांगण्याप्रमाणें त्याच तळ्यांत किंवा जवळच्या पाण्यांत सोडतां येतें. आमच्या सभासदांच्या तळ्यांतलें कांसव या लेखाच्या वेळीं तेथेंच आहे. सकाळीं बांधावर ऊन खात बसतें, आणि गडी जवळ गेले कीं पाण्यांत उडी घेतें.