नदीकाठचा मुक्काम



सहलीचा बेत ठरला कीं घरांत पहिली यादी होते ती सामानाची. तंबू किती, पांघरुणें किती, चहाचीं भांडीं कोणतीं, मुलांसाठीं खाऊ काय. ती यादी आवश्यक आहे, यांत शंका नाहीं. पण मुक्काम नदीकाठीं करावयाचा असेल, तर सामानाच्या आधीं नदीची माहिती मिळवावी, एवढें एकच सांगण्यासाठीं मीं आजचा विषय घेतला आहे.

हें मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. नोकरींत असतांना एकदां वर्गांतील मुलांना घेऊन मी मावळांतील एका नदीवर गेलों होतों. आकाश निरभ्र, पाणी घोट्याएवढें. मुलें पात्रांतल्या खडकांवर बसून डबे सोडीत होतीं, तोंच गुरें घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्यानें वरून हांक दिली, "मास्तर, पोरं वर घ्या, पाणी येतंय!" आम्ही काठ चढलों, आणि पुरतीं दहा मिनिटें झालीं नसतील, तों ते सगळे खडक बुडाले. घाटमाथ्यावर सकाळीं मोठा पाऊस होऊन गेला होता. मीं पाहिलें होतें तें फक्त आमच्या डोक्यावरचें आकाश. दोष सर्वस्वीं माझा होता.

आज आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें अमेरिकेंत असतात. आईबाप उन्हाळ्यांत त्यांच्याकडे जातात, आणि एखाद्या शनिवारीं 'स्टेट पार्क'मध्यें तंबू टाकण्याचा बेत निघतो. स्टेट पार्क म्हणजे तेथील घटकराज्याच्या सरकारनें राखलेलें आणि लोकांना फिरावयास व राहावयास खुलें असलेलें वनोद्यान. उदाहरणादाखल टेक्सास राज्यांतील ग्वाडलूप रिव्हर स्टेट पार्क घेऊं. सॅन अँटोनिओ शहराच्या उत्तरेस सुमारें ३० मैलांवर असलेलें हें उद्यान १९८३ सालीं जनतेस खुलें झालें. क्षेत्रफळ १,९०० एकरांहून अधिक. त्यांतून ग्वाडलूप नदी सुमारें चार मैल वाहते. काठानें बाल्ड सायप्रस जातीचे उंच वृक्ष मुळ्या पाण्यांत सोडून उभे आहेत, आणि पलीकडे चुनखडकाचे सरळ कडे. वसंतांत येथें सोनेरी गालांचा एक चिमुकला पक्षी येतो. जुन्या ज्युनिपरच्या सालीचे धागे काढून तो घरटें विणतो, आणि टेक्सासखेरीज जगांत दुसरीकडे कोठेंहि त्याची वीण होत नाहीं. उन्हाळ्यांत पाहिली तर ही नदी संथ, निवळ आणि कित्येक ठिकाणीं गुडघाभर दिसते. अशा नदीला कोण भिणार?

पण तिचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. मेक्सिकोच्या आखातावरून निघालेले दमट वारे या डोंगराळ प्रदेशाच्या कडेला येऊन वर चढतात, आणि कधीं कधीं एकाच ठिकाणीं तासन्‌तास कोसळतात. आपल्याकडे सह्याद्रीला अडून मोसमी वारे पाऊस पाडतात, त्याच जातीची ही क्रिया. त्यांत तेथील चुनखडकावर मातीचा थर पातळ. पाणी मुरण्यापूर्वींच उतारावरून धांवत सुटतें आणि अरुंद दऱ्यांतून एकदम नदींत येतें.

याचे परिणाम भयंकर झालेले आहेत. १७ जुलै १९८७ रोजीं कम्फर्ट गांवाजवळ एका शिबिरांतील मुलांना घेऊन निघालेली गाडी या नदीच्या पुरांत सांपडली आणि दहा मुलें बुडालीं. ४ जुलै २०२५ च्या पहाटे तर हंट गांवाच्या परिसरांत पाऊण तासांत पाणी सुमारें २६ फूट चढलें. लोक झोंपेंत होते. त्या एका परगण्यांत शंभरांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. शिबिरास आलेल्या लहान मुली त्यांत होत्या. हीं दोन्ही गांवें आपल्या उद्यानाच्या वरच्या अंगास आहेत. यासाठीं तेथें जाणारानें हवामान पाहावयाचें तें केवळ उद्यानाचें नव्हे, तर वरच्या खोऱ्यांतील गांवांचेंहि.

तेथील हवामानखात्याचे दोन शब्द पाठ करून ठेवावे. 'फ्लड वॉच' म्हणजे पूर येण्याजोगी परिस्थिति आहे, सावध असा. 'फ्लॅश फ्लड वॉर्निंग' म्हणजे पूर आला आहे किंवा येऊं घातला आहे, तात्काळ उंचावर जा. पहिल्या शब्दावर बेत पुढें ढकलावा. दुसऱ्यावर सामान जेथल्या तेथें टाकून निघावें. दऱ्याखोऱ्यांत मोबाईल चालेलच असा भरंवसा नसतो. या खात्याचें हवामान-निवेदन मात्र रेडिओवर चोवीस तास चालूं असतें. त्यासाठीं लहानसा वेगळा रेडिओ मिळतो, आणि धोक्याची सूचना येतांच आपोआप वाजूं लागण्याची सोय कांहीं यंत्रांत असते. रेडिओवरून रेडिओची शिफारस केल्यास आपण हंसाल. परंतु रात्रीं झोंपेंतून उठवणारें असें दुसरें स्वस्त साधन मला माहीत नाहीं.

आतां मुक्कामाची जागा. या उद्यानांत जागा आधीं राखून ठेवावी लागते. सुट्टीच्या दिवसांसाठीं तर कित्येक आठवडे आधीं. कांहीं जागांवर पाणी व वीज दोन्ही असतात, कांहींवर पाणी तेवढें. कांहीं ठिकाणीं सामान उचलून पायीं जावें लागतें. नकाशा पाहून पाण्यापासून दूर व उंच अशी जागा निवडावी. पोंचल्यावर तंबू उभारण्यापूर्वीं सर्व मंडळींनीं, मुलांसह, तेथून उंच जागेपर्यंतची वाट एकदां चालून यावी. दिवसां चाललेली वाट अंधारांत पायांना सांपडते. बॅटरी उशाशीं ठेवावी आणि जोडे तंबूच्या दाराशीं.

पायीं फिरण्यासाठीं सुमारें १३ मैलांच्या वाटा आहेत. जुलै-ऑगस्टांत उष्मा १०० अंश फॅरनहाइटच्या घरांत जातो, म्हणून सकाळीं लवकर निघावें. दर माणशीं दर तासाला अर्धा लिटर पाणी बरोबर असावें. वाट सोडूं नये. साप असतात, आणि काठच्या झुडपांत पॉयझन आयव्ही नांवाची तीन-तीन पानांची वनस्पति असते, तिच्या स्पर्शानें अंगावर फोड येतात. सरपण रानांत गोळा करण्यास मनाई आहे, आणि अवर्षणाच्या काळांत चूल पेटवण्यासहि बंदी असते. पोहणारांवर लक्ष ठेवणारा जीवरक्षक तेथें नसतो. मुलांवर वडील माणसाची नजर पाहिजे.

निवळ पाणी अकारण गढूळ होऊं लागलें, काड्या-पाचोळा वाहत येऊं लागला, किंवा वरच्या बाजूनें घरघर ऐकूं आली, तर क्षणाचा विलंब न लावतां काठ चढावा. परततांना फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालूं नये. सहा इंच वाहतें पाणी धडधाकट माणसाला पाडतें, एक फूट पाणी लहान मोटारीला तरंगवतें, आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतें. दोन तास थांबल्यानें कांहीं बिघडत नाहीं.

हा धडा केवळ परदेशचा आहे असें कोणीं समजूं नये. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास, भुशी धरणाजवळच्या धबधब्यांत, एकाच कुटुंबांतील पांच जण वाढत्या लोंढ्यांत वाहून गेले. तीं माणसें आपल्यासारखींच सहलीस आलेलीं होतीं.

म्हणून शेवटीं एक सूचना करितों. मला त्या दिवशीं गुराख्यानें हांक मारली. प्रत्येक नदीवर असा कोणी उभा असेलच असें नाहीं. तेव्हां बेत ठरवितांना स्वयंपाक कोणीं करावा, तंबू कोणीं ठोकावा हें जसें वांटून घेतां, तसें नदीकडे कोणीं पाहावें हेंहि ठरवा. एकानें तें काम अंगावर घ्यावें, आणि त्यानें 'वर चला' म्हटलें कीं बाकीच्यांनीं कारण न विचारतां उठावें.