ऑफिसात लिनक्स : ऐकीव काय, खरं काय

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला आणि अनेक कंपन्यांच्या मालकांपुढे खर्चाचा प्रश्न उभा राहिला. ठणठणीत चालणारे कॉम्प्युटर केवळ विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत म्हणून मोडीत काढायचे, की त्यांवर लिनक्स टाकून पाहायचं? ही चर्चा सुरू झाली की माहितीपेक्षा ऐकीव मतंच जास्त कानावर येतात.

सर्वांत जुनं मत म्हणजे, ‘फुकटचं सॉफ्टवेअर, त्याला वाली कोण?’ वाली आहेत, आणि चांगले मोठे आहेत. लिनक्सचा सपोर्ट विकणारी रेड हॅट ही कंपनी आयबीएमनं २०१९मध्ये ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. उबुंटूमागे कॅनॉनिकल आहे, सुसे ही जर्मन कंपनीही याच धंद्यात आहे. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मोफत मिळतात. पैसे लागतात ते अडचणीच्या वेळी फोन उचलणाऱ्या माणसाचे.

म्हणून ‘लिनक्स आणलं की खर्च शून्य’ हाही भ्रमच. लायसन्सचे पैसे वाचतात. बॅकअप, अपडेट आणि कर्मचाऱ्यांचं शिक्षण यांचे वाचत नाहीत. वाचलेल्या रकमेतला मोठा वाटा जाणकार ॲडमिनवर खर्च करायची तयारी नसेल, तर या वाटेला न गेलेलं बरं.

शिवाय मोफत आवृत्तीचे निर्णय दुसऱ्याच्या हातात असतात. सर्व्हरसाठी लोकप्रिय असलेल्या सेंटओएस ८ या मोफत लिनक्सला २०२९पर्यंत अपडेट मिळणार होते. डिसेंबर २०२०मध्ये रेड हॅटनं ती मुदत २०२१च्या अखेरीवर आणली आणि असंख्य कंपन्यांची धावपळ झाली. पण कोड खुला असल्यामुळे काही महिन्यांतच रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स हे पर्याय उभे राहिले. बंद सॉफ्टवेअरच्या ग्राहकाला अशी सोय नसते.

सुरक्षेबद्दल तर एकमेकांना छेद देणारे दोन समज आहेत. ‘कोड सगळ्यांना दिसतो, म्हणजे चोरांनाही दिसतो’ असं एक बाजू म्हणते; दुसरी म्हणते, ‘लिनक्सला काही होतच नाही.’ दोन्ही चूक. ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड ही त्रुटी २०१४मध्ये उघड झाली, तोवर दोन वर्षं ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. उलट, २०२४मध्ये एक्सझेड या साधनात मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे. लॉगिनला जेमतेम अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतोय, हे तो खोदत गेला; कोड खुला होता म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं. २०१७मध्ये वॉनाक्राय या घातक प्रोग्रामनं विंडोजच्या जगात हाहाकार माजवला, त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधीच दिली होती. ती न टाकलेली यंत्रं सापडली. अपडेट वेळेवर टाकणारा माणूस नसेल, तर कुठलीच सिस्टिम वाचवू शकत नाही.

कायद्याची भीतीही बरीच पसरलेली आहे : जीपीएल या परवान्याचं सॉफ्टवेअर वापरलं की आपला कोड जगाला द्यावा लागतो. तसं नाही. जीपीएलची ती अट सॉफ्टवेअर दुसऱ्याला वाटताना किंवा विकताना लागू होते. ऑफिसात वापरलं, स्वतःपुरते बदल केले, तर कुणाला काही द्यावं लागत नाही. त्यात तयार झालेली बिलं आणि अहवाल तर पूर्णपणे कंपनीचेच. एजीपीएल या दुसऱ्या परवान्याची अट मात्र अधिक कडक आहे. त्यातलं सॉफ्टवेअर बदलून नेटवरून इतरांना वापरायला दिलं, तर त्या वापरणाऱ्यांना बदललेला कोड द्यावा लागतो.

सर्व्हरबाबत आता शंका घेण्याचं कारण उरलेलं नाही. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक नोव्हेंबर २०१७पासून लिनक्सवरच चालतात. आपल्याकडे झिरोधासारखी दलाली पेढी पोस्टग्रेस हा खुला डेटाबेस वापरते आणि ते उघडपणे सांगते.

खरी अडचण डेस्कटॉपवर आहे. हिशेबनीस टॅलीवर बसतो, टॅली विंडोजसाठी बनते, आणि कंपनीचे सीएदेखील त्याच फाइल मागतात. छपाईच्या धंद्यात कोरलड्रॉ आणि श्रीलिपी सुटत नाहीत. युनिकोड मराठी लिनक्सवर उत्तम लिहिता येतं, पण जुन्या फॉन्टमधल्या फाइल तिथे वाचताना अडचण येते. टॅलीला पर्याय म्हणून मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट खुलं आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं. तरीही आर्थिक वर्षाच्या मध्यावर हिशेबाची प्रणाली बदलणं हा अविचार ठरेल.

फ्रान्सच्या जांदार्मरीनं, म्हणजे तिथल्या निमलष्करी पोलिसांनी, घाई केली नाही. २००५मध्ये त्यांनी विंडोजवरच ओपनऑफिस आणलं, मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड. हात रुळल्यावर २००८पासून उबुंटू आलं आणि पुढे ७० हजारांहून अधिक कॉम्प्युटर त्यावर गेले. म्युनिक महापालिकेनंही सुमारे १५ हजार कॉम्प्युटर लिनक्सवर नेले, पण २०१७मध्ये विंडोजकडे परतायचं ठरवलं. पालिकेनं नेमलेल्या सल्लागारांना बऱ्याच अडचणींचं मूळ आयटी विभागाच्या विखुरलेल्या कारभारात दिसलं होतं.

तेव्हा मालकांनी नवे कॉम्प्युटर मागवण्याआधी प्रत्येक टेबलावर नेमकं कोणतं सॉफ्टवेअर लागतं याची यादी करावी. जिथे फक्त ब्राउझर, ईमेल आणि पत्रं आहेत, तिथे आजच्याच यंत्रांवर लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स बसवून द्यावं, हात रुळल्यावर लिनक्स टाकावं आणि फाइल सर्व्हर लिनक्सवर न्यावा. हिशेबनिसाचं टेबल सर्वांत शेवटी हलवावं, आणि टॅलीवाचून चालणार नसेल तर विंडोजवरच राहू द्यावं.