देशोदेशींची काळी आई

आपल्याकडची जुनी माणसे सकाळी उठली, की पाय खाली ठेवण्याआधी जमिनीला हात लावतात. तो हात कपाळाला लावतात. मग त्यांचा दिवस सुरू होतो. शेतकरी आपल्या रानाला काळी आई म्हणतो. नवरात्रात बायका घटाभोवती शेतातली माती पसरतात आणि तिच्यात धान्य पेरतात. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येला सारे घर शेतात जाते. भज्जी, उंडे, आंबील यांचा नैवेद्य आधी काळ्या आईला दाखवतात. मगच माणसे जेवायला बसतात. गोव्यात सांतेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात करतात. वारूळ म्हणजे तरी काय? मातीच ना!

आता एक प्रश्न विचारू. जमिनीला आई म्हणणारे आपण एकटेच आहोत का?

नाही. दूरदूरच्या देशांतले लोकही जमिनीला आई म्हणत आले आहेत. त्यांची भाषा वेगळी, देव वेगळे, पिके वेगळी. पण आई तीच. चला, त्यांपैकी तीन ठिकाणी जाऊन येऊ.

पहिली आई : पाचामामा

दक्षिण अमेरिका हा आपल्यापासून हजारो मैल दूरचा मुलूख. तिथे अँडीज नावाची उंच डोंगररांग आहे. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर हे देश त्या डोंगरांच्या अंगाखांद्यावर वसले आहेत. तिथले मूळचे लोक धरणीला पाचामामा म्हणतात. पाचा म्हणजे धरणी, जग. आणि मामा म्हणजे आई. आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. तिकडे मामा म्हणजे खुद्द आई!

आपण उपासाला बटाटा खातो. तो बटाटा मूळचा याच डोंगरांतला. काही हजार वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी रानटी बटाट्याचे पीक केले. तिथून तो जगभर गेला. तेव्हा पाचामामाचे थोडे देणे आपल्याही अंगावर आहे, बरं का.

ऑगस्ट महिना हा पाचामामाचा महिना. तिकडे तेव्हा थंडी सरत येते आणि पेरणीचे दिवस जवळ येतात. या दिवसांत धरणी भुकेली असते, असे लोक मानतात. ते जमिनीत खड्डा करतात. त्यात शिजवलेले अन्न, कोका नावाच्या झुडपाची पाने आणि मक्याचे पेय घालतात. वरून माती लोटतात. एरवीही पेय पिताना आधी थोडे थेंब जमिनीवर सांडतात. पहिला घोट आईचा, मग आपला.

पण एवढ्यावर ते थांबत नाहीत. डोंगरउतारावर त्यांच्या वाडवडिलांनी दगडी बांध घालून पायऱ्यांसारखी शेते केली. त्यामुळे माती वाहून गेली नाही. बटाट्याचे पीक काढले, की एकदोन वर्षे दुसरी पिके घ्यायची आणि मग ती जमीन काही वर्षे पडीक ठेवायची, अशी त्यांची जुनी रीत आहे. कोणत्या शिवारातली जमीन कधी विसावा घेणार, हे पुष्कळ गावांत सारे मिळून ठरवतात. पडीक जमिनीवर लामा आणि मेंढरे चरतात. त्यांच्या लेंड्या मातीत मुरतात. आईला जेवण तर घालायचेच, पण तिला झोपही द्यायची.

दुसरी आई : देमेतर

आता युरोपातल्या ग्रीस देशात जाऊ. तिथले जुने लोक पृथ्वीला गेया म्हणत. शेतातल्या धान्याची आणखी एक आई होती. तिचे नाव देमेतर. आज तिची पूजा मागे पडली आहे, पण तिच्या कथा उरल्या आहेत. त्यांतली एक ऐका.

थेसाली प्रांतात एक राजा होता. देमेतरची एक राई होती. झाडे जुनी, सावली दाट. तिथे कुणी कुऱ्हाड नेत नसे. राजाला वाटले, ही झाडे कामाला येतील. त्याने माणसे पाठवली. माणसे भ्याली, तेव्हा त्याने स्वतःच कुऱ्हाड उचलली.

देवीने त्याला मारले नाही. तिने त्याला भूक दिली. तो जेवायला बसला. ताट संपले, तरी भूक संपेना. जितके खावे, तितकी भूक वाढे. कोठारे रिकामी झाली. गोठे रिकामे झाले. घरदार विकले. पोटची मुलगीसुद्धा विकली. शेवटी खायला काही उरले नाही, तेव्हा तो स्वतःच्याच अंगाचे लचके तोडू लागला आणि मेला.

ही कथाच आहे. पण कथा रचणारा शहाणा होता. राई तोडणाऱ्याची भूक कधी भागत नाही, हे त्याने पाहिले असणार.

तिसरी आई : पापातुआनुकु

न्यूझीलंड हा समुद्राने वेढलेला देश. तिथले मूळचे लोक माओरी. ते धरणीला पापातुआनुकु म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण तिची मुले तिला प्रेमाने नुसते पापा म्हणतात! आकाश हा त्यांचा बाप.

माओरी भाषेत फेनुआ असा शब्द आहे. त्याचे अर्थ दोन. एक अर्थ जमीन. दुसरा अर्थ वार, म्हणजे बाळंतपणात बाळामागून पडते ती. बाळ जन्मले, की त्याची वार आपल्या जमिनीत पुरायची, अशी त्यांची रीत आहे. आपण नाही का म्हणत, "माझी नाळ या गावात पुरली आहे"? तेच ते. दोन टोकांच्या दोन माणसांना एकच गोष्ट सुचली.

त्या देशात वांगानुई नावाची नदी आहे. "ही नदी आमची पूर्वज आहे," असे तिच्या काठचे माओरी म्हणत. त्यासाठी ते शंभराहून अधिक वर्षे सरकारशी भांडले. अखेर २०१७ साली तिथे कायदा झाला. कायद्याने त्या नदीला माणसासारखे हक्क दिले. तिच्या वतीने बोलायला दोन पालक नेमायचे ठरले. एक सरकारने सुचवलेला, एक माओरींनी सुचवलेला.

इक्वेडोरनेही २००८ साली आपल्या राज्यघटनेत पाचामामाचे नाव घालून निसर्गाला हक्क दिले. हे हक्क कागदावरच राहिले असे नाही. तिथल्या लोस सेद्रोस नावाच्या जंगलात खाण निघायची होती. २०२१ साली न्यायालयाने याच हक्कांच्या आधारे ती अडवली.

आई म्हटले, म्हणजे झाले का?

इथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. बोलिव्हियात पोतोसी नावाचे गाव आहे. त्याच्या उशाला एक डोंगर आहे. १५४५ साली त्या डोंगरात चांदी सापडली. तेव्हा तिथे स्पेन देशाचे राज्य होते. त्यांनी मूळच्या लोकांना खाणीत जबरीने राबवले. असंख्य माणसे मेली. पुढे स्पेनचे राज्य गेले. २०१० साली बोलिव्हियाने धरणीमातेच्या हक्कांचा कायदाही केला. पण त्या देशातल्या खाणी काही बंद झाल्या नाहीत. पोतोसीचा डोंगर आतून इतका पोखरला गेला, की त्याच्या माथ्याचा भाग खचला.

त्यांना नावे ठेवण्याआधी आपण आपल्याकडे पाहू. आपल्या सह्याद्रीत गावोगाव देवराया आहेत. देवराईतली काटकीही उचलायची नाही, असा जुना दंडक. त्यामुळे तिथे मोठमोठी झाडे राहिली, झरे राहिले. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७० नंतर हिंडून या देवरायांची नोंद केली. पण पुष्कळ देवराया तुटल्याही. काही तर देवासाठीच तुटल्या! देवाला मोठे देऊळ हवे, म्हणून देवाचीच झाडे विकली.

मग आम्हाला वाटते, खरा प्रश्न नावाचा नाहीच. पाचामामा म्हणा, देमेतर म्हणा, काळी आई म्हणा. कुणी देव मानील, कुणी मानणार नाही. पण एक गोष्ट साऱ्यांना लागू आहे. बोटाच्या पेराएवढा मातीचा थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. एका वळवाच्या पावसात तो ओढ्याला जाऊ शकतो. आईवर रुसून दुसरी आई आणता येत नाही.

म्हणून आईशी व्यवहार कसा ठेवायचा, ते या लोकांकडून घ्यावे. जे घेतले, त्यातले काही परत द्यावे. शेणखत, पालापाचोळा, काडीकचरा जाळू नये, मातीत मुरवावा. बांध धड ठेवावा. त्याच रानात दरसाल तेच पीक घेऊ नये. मध्ये हरभरा, तूर, मूग असे कडधान्य घ्यावे. त्यांच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला खत देतात. बांधावरचे झाड तोडण्याआधी ग्रीसच्या त्या राजाची आठवण करावी.

उद्या सकाळी जमिनीला हात लावाल, तेव्हा आणखी एक करा. मूठभर माती हातात घ्या. ती मऊ आहे की ढेकळासारखी कडक? तिच्यात गांडूळ दिसते का? आपली आई पोटभर जेवली आहे की उपाशी आहे, हे माती आपोआप सांगेल.