घरच्या फायलींची किल्ली कुणाकडे?

रेशनकार्ड कुठे आहे, धाकट्याचा जन्मदाखला कुठल्या पिशवीत आहे, विम्याची पॉलिसी कपाटाच्या कुठल्या कप्प्यात आहे, हे घरात कुणाला विचारतात? उत्तर सांगायलाच नको! कपाटाची किल्ली आपल्याकडे आणि अख्ख्या कपाटाचा नकाशाही आपल्याच डोक्यात. पण तेच दाखले आणि तेच लग्नाचे फोटो मोबाइलमध्ये गेले की आपली भाषा बदलते. 'ह्यांच्या फोनमध्ये असेल', 'मुलाला ठाऊक', असं आपण म्हणायला लागतो. म्हणजे किल्ली गेलीच की हातातून!

ठाण्यातल्या खोपटला, एस.टी. स्टँडच्या आसपास असलेलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. लेक चिपळूणला दिलेली, मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात. सासूबाईंचे रिपोर्ट जाऊबाईंच्या फोनमध्ये, गावच्या सातबाऱ्याचा फोटो दिरांकडे, लग्नाचे फोटो एका सीडीवर आणि सीडी घालायला आता यंत्रच नाही. व्हॉट्सॲपवर पाठवत राहावं, तर फोटो दाबून लहान केला जातो आणि मग दाखल्यावरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. दवाखान्यात ऐन वेळी कागद हवा असतो, तेव्हा फोनाफोनी सुरू होते.

'मग इंटरनेटवर ठेवा की,' असं कुणीही म्हणेल. ठेवावंच, पण भरवसा किती ठेवायचा? हौसेने फोटो चढवलेलं ऑर्कुट आठवतंय ना? ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गुगलवर फोटो हवे तितके फुकट ठेवता येत होते, ती सोय १ जून २०२१ पासून संपली. आता ईमेल, फोटो आणि फायली मिळून १५ जीबी फुकट, पुढे पैसे. दोन वर्षं वापरलंच नाही तर खातं पुसलं जाऊ शकतं, हा नियमही गुगलने २०२३ मध्ये आणला. परक्याच्या माळ्यावर सामान ठेवलं की माळ्याचे नियम त्याचेच!

यावर एक घरगुती तोड आहे. आपल्याच घरातल्या संगणकावर फायलींचं कपाट मांडायचं आणि घरातल्या प्रत्येकाने ते आपापल्या फोनवर उघडायचं. त्यासाठी मोफत प्रोग्रॅम मिळतात. 'फाइल ब्राउझर' हा छोटा आणि सुटसुटीत. २०१६ मध्ये सुरू झालेला 'नेक्स्टक्लाउड' मोठा. त्याचं फोनवरचं ॲप काढलेले फोटो आपोआप घरच्या संगणकावर चढवतं.

लागतं काय? एक जुना, चालू स्थितीतला लॅपटॉप, एक बाहेरची हार्ड डिस्क आणि घरातलं वायफाय. लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे वीज गेली तरी तो लगेच बंद पडत नाही. मात्र बॅटरी फुगली असेल तर ती आधी बदलून घ्या. विजेचं म्हणाल, तर पंधरा वॅट खाणारा लॅपटॉप दिवसरात्र चालला तरी महिन्याला अकरा युनिटच्या आतच राहतो.

कृतीही समजण्यासारखी आहे. लॅपटॉपवर प्रोग्रॅम बसवायचा आणि कुठला फोल्डर दाखवायचा ते त्याला सांगायचं. मग वायफायच्या राउटरमध्ये त्या लॅपटॉपचा पत्ता कायमचा ठरवून टाकायचा. १९२.१६८ ने सुरू होणारा आकड्यांचा पत्ता असतो तो. फोनमध्ये इंटरनेट उघडतो तिथेच हा पत्ता टाकला, की नाव आणि पासवर्ड विचारला जातो आणि कपाट उघडतं. आत कप्पे आपण करायचे : दाखले, दवाखाना, घर-जमीन, शाळा, फोटो.

आता सांभाळायच्या गोष्टी. काही प्रोग्रॅममध्ये पहिला पासवर्ड सगळ्या जगाला माहीत असलेला असतो. तो पहिल्याच दिवशी बदला. प्रत्येकाला वेगळं नाव द्या. मुलांना फक्त बघता येईल आणि पुसण्याचा हक्क दोघांनाच राहील, असं करता येतं. हे कपाट थेट इंटरनेटवर उघडं मात्र टाकू नका, रस्त्यावर दार सताड उघडं ठेवल्यासारखंच ते. चिपळूणच्या लेकीलाही बघायचं असेल, तर 'टेलस्केल'सारखा प्रोग्रॅम दोन्हीकडे बसवून आपल्यापुरती खाजगी वाट करता येते. आणि मूळ कागद जपायचेच, बरं का! फोटो म्हणजे प्रत. सरकारी कामाला चालणारे दाखले हवेत तर त्यासाठी २०१५ पासून डिजिलॉकर आहे.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. २६ जुलै २००५ कोण विसरेल? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इकडे आपल्या जिल्ह्यात उल्हास नदीचं पाणी बदलापूर-कल्याणकडच्या घरांत शिरलं. अशा पाण्यात कपाटातले अल्बम जातात, तसा घरातला लॅपटॉपही जाईल. म्हणून एकाच जागी विसंबू नका. जाणकार ३-२-१ चा नियम सांगतात : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर. महिन्यातून एकदा दुसऱ्या हार्ड डिस्कवर सगळं उतरवायचं आणि ती डिस्क बहिणीकडे किंवा गावच्या घरी ठेवायची. लोणच्याची बरणी देतो ना बहिणीकडे, तशीच ही! त्यातली एखादी फाइल उघडते का, तेही अधूनमधून बघायचं.

बसवून देण्याचं काम घरातला मुलगा, भाचा किंवा भाची करेलच. पण तो उद्या बंगलोरला गेला आणि पासवर्ड त्याच्याच डोक्यात राहिला, तर केलेलं सगळं वाया. म्हणून तो बसवत असताना चहा देऊन स्वयंपाकघरात परतू नका. खुर्ची ओढून शेजारी बसा. लॅपटॉप बंद पडला तर चालू कसा करायचा, नवीन नाव कसं घालायचं, दुसऱ्या डिस्कवर प्रत कशी काढायची, या तीन गोष्टी त्याच्यासमोर स्वतःच्या हाताने करून बघा. मग पत्ता आणि पासवर्ड एका वहीत लिहा आणि वही कुलुपात ठेवा. ती कुठे आहे, हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.

आजवर घरातला कागद न् कागद आपणच तर जपला. मग त्यांचे फोटो आणि फायली का नाही जपता येणार?