फुकट आणि मुक्त : खेळाच्या रेकॉर्डिंगसाठी सॉफ्टवेअर कसे निवडावे



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर व्हिडिओ गेमचा विषय यावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या घरात संगणक किंवा स्मार्टफोन आहे, त्या घरातील मुले आता नुसती खेळत नाहीत. पडद्यावर घडलेला खेळ ती साठवून ठेवतात, आपल्या चुका पुन्हा पाहतात, त्यावर बोलतात आणि ते इतरांना दाखवतात. ही एक प्रकारची निर्मितीच होय. आणि निर्मिती म्हटली की तिच्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न ओघानेच येतो. 'एखादे फुकटचे सॉफ्टवेअर उतरवून घे' असे आपण सहज सांगून मोकळे होतो. या 'फुकट' शब्दाचाच आज थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम हे काम केवढे आहे ते पाहू. आजच्या सामान्य पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे ठिपके असतात. म्हणजे एका चित्रात वीस लाखांहून अधिक. खेळात सेकंदाला अशी ६० चित्रे पालटली, तर ठिपक्यांची संख्या सुमारे साडेबारा कोटींवर जाते. हे सारे जसेच्या तसे साठवावयाचे म्हटले, तर एका मिनिटाला सुमारे २२ जीबी जागा लागेल! म्हणून रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर चित्रांचे आकुंचन करते. सेकंदाला ६ मेगाबिट हे माप ठेवले, तर तासाभराचा खेळ सुमारे २.७ जीबीत मावतो. मात्र या आकुंचनाला श्रम पडतात. ते श्रम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर पडले, तर खेळ अडखळू लागतो. २०११-१२ पासून इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत आणि एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डांत याच कामासाठी वेगळा भाग बसविलेला असतो. एएमडीनेही तसेच केले. आपल्या यंत्रातील या भागाचा उपयोग करून घेणारे सॉफ्टवेअर निवडावे, हा पहिला नियम.

आता किमतीकडे वळू. इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द दोन अर्थांनी येतो आणि त्यामुळे घोटाळा होतो. आपल्या मराठीत सुदैवाने दोन शब्द आहेत : फुकट आणि मुक्त. पंगतीत कोणी आपल्याला सोलापुरी शेंगाचटणी वाढली, तर ती फुकट मिळाली. पण चटणीची कृतीही सांगितली, तिखट आपल्या बेताने कमीजास्त करण्याची आणि ती चार घरी वाटण्याची मोकळीक दिली, तर ती मुक्त झाली. सॉफ्टवेअरबाबत हाच विचार रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ पासून जगापुढे मांडला.

फुकटाचे पुन्हा दोन प्रकार आहेत. पहिला नमुन्यादाखल फुकट. बँडिकॅमची विनामूल्य प्रत एका वेळी दहाच मिनिटे रेकॉर्डिंग करते आणि चित्रावर आपल्या नावाचा छाप उमटवते. खेळणाऱ्याने मेहनत करावयाची आणि जाहिरात दुसऱ्याची व्हावयाची, असा हा व्यवहार. दुसरा प्रकार वस्तूबरोबर फुकट. विंडोजबरोबर गेम बार येतो. विंडोजची कळ आणि 'जी' एकदम दाबली की तो उघडतो. शिकण्यास सोपा, मात्र तो एकाच खिडकीतील चित्र घेतो, सबंध डेस्कटॉप घेत नाही. एनव्हीडिया आणि एएमडी यांची सॉफ्टवेअरे यंत्रावर भार कमी टाकतात, पण ज्याच्याकडे त्यांचे कार्ड आहे त्यालाच त्यांचा लाभ.

मुक्त प्रकारात अग्रभागी आहे ओबीएस स्टुडिओ. जिम बेली यांनी २०१२ मध्ये ते सुरू केले. त्याला वेळेची मर्यादा नाही, चित्रावर छाप नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते. खेळाचा आवाज आणि आपले बोलणे ते वेगवेगळ्या पट्ट्यांवर घेऊ शकते. होटगीसारख्या मराठी आणि कन्नड दोन्ही कानी पडणाऱ्या गावी हा मोठाच लाभ आहे : खेळ एकदा टिपावा आणि निवेदन दोन भाषांत जोडावे. त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. त्यातील असंख्य पर्याय पाहून नवखा गोंधळतो. आणि २०२२ च्या २८ व्या आवृत्तीपासून ते विंडोज ७ आणि ८ वर चालत नाही.

कृती उघडी असण्याचे महत्त्व एका घटनेवरून ध्यानी येईल. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली. त्या यादीत डीयू रेकॉर्डर हे फोनवरील फुकटचे रेकॉर्डिंग ॲपही होते. बंदीच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. परंतु बंद पेटीतील साधन मालकाबरोबर येते आणि मालकाबरोबर जाते. उघड्या कृतीचे साधन एकाने सोडले तरी दुसरा पुढे चालवू शकतो. फोनवाल्यांना आता अशा ॲपची गरजही फारशी उरलेली नाही. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून रेकॉर्डिंगची सोय प्रणालीतच आहे.

आता विजेचा प्रश्न. रेकॉर्डिंग चालू असता वीज गेली, तर साध्या एमपी-फोर प्रकारची फाइल बहुधा उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका अखेरीस लिहिली जाते. एमकेव्ही प्रकारात तोवरचा भाग शाबूत राहतो. म्हणून रेकॉर्डिंग एमकेव्हीत करावे आणि मागाहून ओबीएसमधूनच एमपी-फोर करून घ्यावे. होटगी जंक्शनावर मीटरगेज आणि ब्रॉडगेज एकत्र येत, तो काळ जाणत्यांना आठवत असेल. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर जात नसे. माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे, पण माल तोच राही. येथेही तसेच : डबा बदलतो, चित्राचा कस उणा होत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. सॉफ्टवेअर त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे. ओबीएसच्या नावाने शोधयंत्रांत खोट्या जाहिराती देऊन घातक सॉफ्टवेअर गळ्यात मारल्याचे प्रकार २०२३ मध्ये उघडकीस आले होते. दुसरे, रेकॉर्डिंगपूर्वी फोनवरील सूचना बंद कराव्यात. नाही तर बँकेचा गुप्त अंकही खेळाबरोबर जगजाहीर व्हायचा.

सारांश, ज्याला घरच्यापुरते पाच-दहा मिनिटांचे रेकॉर्डिंग हवे, त्याला यंत्राबरोबर आलेले साधन पुरे आहे. पण ज्याच्या मनात या कामात पुढे जावयाचे आहे, त्याने चार दिवस अधिक घालवून मुक्त साधन शिकून घ्यावे. किंमत शून्य आहे एवढ्यावर न थांबता, 'माझ्या कामावर हे कोणती अट घालते?' असे प्रत्येक साधनाला विचारण्याची सवय आपण मुलांना लावू या. ती सवय त्यांना खेळाबाहेरही उपयोगी पडेल.