रंग काढला की वाघ जातो कुठं?

आपल्या वणीच्या एका बाजूला ताडोबा, दुसऱ्या बाजूला टिपेश्वर. त्यामुळे वाघाचा फोटो नाही असा मोबाइल घरात शोधावा लागतो. त्यातलाच एक घ्या, एडिटमध्ये जाऊन कृष्णधवल करा आणि मुलांना दाखवा. माझ्या वर्गात लगेच प्रश्न आला, "मॅडम, वाघ कुठं गेला?"

केशरी आणि हिरवा आपल्याला वेगळे दिसतात ते रंगामुळे. त्यांचा उजळपणा मात्र बरेचदा सारखाच असतो. रंग काढला की दोन्हींचा एकच करडा होतो आणि पट्टे बांबूच्या सावल्यांत मिसळतात. चितळाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या, आपल्या तीन. केशरी-हिरव्यातला फरक त्याला कळत नाही, तो इथंच फसतो. म्हणजे त्याला सगळं काळं-पांढरंच दिसतं असं नाही हं, निळा रंग त्याला दिसतो. हे मुलांना आवर्जून सांगा.

रंगीत फिल्म नसताना मग वाघ टिपला कसा? वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन रात्री पायवाटेवर तार बांधत. वाघाचा पाय लागला की फ्लॅश उडे, मागं नुसता काळोख, वाघ लख्ख. १९२७ मध्ये त्यांचं पुस्तकही आलं. आज ॲपमध्ये केशरीची पट्टी सरकवली की वाघ उजळतो.

प्रयोगाला फोटो ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, हिरव्या गवतातला घ्या.