शालू विणणाऱ्याचे आजारपण कुणाच्या खर्चाने?

काशीयात्रेहून परतणाऱ्या मराठी कुटुंबाच्या सामानात गंगेचा गडू असतो आणि घरात लग्न ठरले असेल तर बनारसी शालूही. दुकानात पदराची जर पारखताना तो कुणी, कसा विणला असेल, हे सहसा मनात येत नाही. मदनपुऱ्यातल्या गल्ल्यांत विणकराचे घर हाच त्याचा कारखाना. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून, वाकून तो दिवसभर हातमाग चालवतो. घरातल्या बायका कांड्या भरतात. पाठ धरते, नजर अधू होते, कोंदट खोलीत खोकला हटत नाही.

याच वाराणसीत १९६१ मध्ये डिझेल रेल्वे इंजिनांचा कारखाना उभा राहिला. २०२० पासून त्याचे नाव बनारस रेल इंजिन कारखाना. तिथल्या वसाहतीत रेल्वेचे रुग्णालय आहे. कामगारांच्या तपासण्या होतात, बायकामुलांवर उपचार होतात. यात उपकार कसला? हातात कसब असलेला माणूस अंथरुणाला खिळला, तर काम अडतेच.

खासगी कारखान्यांतल्या कामगारांसाठी राज्य विमा योजना आहे. ती २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. त्यातून औषधपाणी तर होतेच, शिवाय आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतनही मिळते. वाराणसीत पांडेपूरला या योजनेचे रुग्णालय आहे.

पण घरी बसून विणणाऱ्याचा मालक कोण? गादीवरचा व्यापारी म्हणतो, मी फक्त माल घेतो. मजुरी नगावर, माग थांबला की चूलही थंडावते. औषधाचा खर्च एकवेळ उसनवारीने निभावतो, बुडालेल्या मजुरीचे काय?

केंद्र सरकारने २००५-०६ मध्ये हातमाग विणकरांसाठी आरोग्य विमा आणला होता. कुटुंबाला वर्षाला १५,००० रुपयांचे संरक्षण, आणि त्यातले ७,५०० रुपये चक्क बाह्यरुग्ण उपचारांसाठी! रक्कम लहान, पण विणकराचे दुखणे ओळखणारी. ती योजना पुढे राहिली नाही. २०१८ मध्ये आलेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण रुग्णालयात दाखल झाल्यावर. मोठ्या शस्त्रक्रियेला हा आधार खराच. पाठदुखीसाठी किंवा चष्म्याच्या नंबरासाठी मात्र कुणी खाट देत नाही.

मग चष्मा पुढच्या हंगामावर ढकलला जातो. बारीक नक्षीत धागा चुकतो, आणि व्यापारी त्या चुकीची कपात मजुरीतून करतो. बनारसच्या विणकरांत तिला ‘कटौती’ म्हणतात.